झाकलेला माणूस

सोमवती नगरीच्या गादीवर महिसेन राजा होता त्या काळी, बोधिसत्त्वाने हिमवंताच्या कुशीतल्या मेषपल्ली गावी एका वाटाड्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव शैलक ठेवले होते. बोधिसत्त्व म्हटला की तो राजवाड्यात, नाही तर निदान एखाद्या श्रेष्ठीच्या घरी जन्मला असेल, अशी आपली समजूत असते. ह्या जन्मी मात्र त्याच्या वाट्याला आले दोर, घोंगडी आणि दुसऱ्यांची ओझी वाहून खांद्यांना पडलेले घट्टे.

मेषपल्लीच्या डोक्यावर श्वेतशृंग नावाचे शिखर होते. तिथला बर्फ जो स्वतःच्या हाताने खाली आणी आणि त्याच्या पाण्याने राजाचे पाय धुई, त्याला सभेत पांढरे पागोटे मिळे, आणि तो आला की राजा स्वतः उठून उभा राही. एवढ्यासाठी माणसे जीव पणाला लावीत. थंडी ओसरल्यावर आणि ढग येण्याआधी थोडे दिवस वाट उघडी असे. तेवढ्यात नगरातले श्रेष्ठी आणि सरदार आपापली घाई घेऊन मेषपल्लीत येऊन थडकत. गावकरी त्यांना दोराला बांधून वर नेत, आणि बहुतेकांना परतही आणीत.

जे परत येत नसत त्यांच्यासाठी गावात एक रीत होती. वर ज्याचे हातपाय गेले, ज्याला हलवणे शक्य नाही, त्याच्या तोंडावर सोबती त्याचेच वस्त्र पांघरीत. ते उडू नये म्हणून टोकांवर दगड ठेवीत आणि निघून जात. असा माणूस मग 'झाकलेला' होई, म्हणजे डोंगराचा होई. मागून येणाऱ्याने त्याला नमस्कार करायचा, निरोपाचे चार शब्द पुटपुटायचे आणि डावीकडून पुढे जायचे. वस्त्र उचलायचे नाही. ज्याने वस्त्र उचलले त्याने त्या माणसाला खाली आणलेच पाहिजे, असा नियम होता. एकाला आणायला जाऊन चौघे मरू नयेत, म्हणून कोणा शहाण्या पूर्वजाने तो केला असावा. नियमात वाईट काही नव्हते. पण त्याच्या धाकाने वस्त्राकडे नीट बघायचीसुद्धा लोकांना भीती वाटू लागली होती.

मेषपल्ली आणि बाकीचे जग ह्यांच्या मधून वेगा नदी वाहत होती. बर्फ वितळू लागला की ती अंगात आल्यासारखी धावे, आणि दर साली कोणी ना कोणी तिच्यात जाई. शैलकाची बायको शामा अशीच गेली. ती पाठीवर मिठाची गोणी घेऊन नदी ओलांडत होती. तिचा धाकटा भाऊ बिल्वक काठावर उभा होता. त्याने फेकलेला दोर तिच्या हाताला लागला, पण तिला तो धरता आला नाही. त्यानंतर दाजी आणि मेहुणा कितीतरी वर्षे एकाच दोरावर चढत राहिले, पण त्यांच्या बोलण्यात तिचे नाव कधी निघाले नाही.

एका वसंतात श्रेष्ठी वसुपाल श्वेतशृंग चढायला आला. तो काही वाईट माणूस नव्हता. सभेत त्याच्या शेजारी बसणाऱ्या दोघांच्या डोक्यावर पांढरी पागोटी होती आणि त्याच्या नव्हते, एवढे एकच शल्य त्याला होते. वेगा ओलांडताना त्याचा पाय निसटला. बिल्वकाने त्याला मानगुटीला धरून बाहेर ओढले. काठावर कुडकुडत बसलेला वसुपाल गावकऱ्यांसमोर म्हणाला, "मी शिखरावर पोचलो, तर इथे दगडी खांबांचा पूल बांधून देईन."

"पोचलात तरच का?" एका म्हातारीने विचारले.

"नवस तसाच बोलला गेलाय, आजी. आता फिरवला तर फळणार नाही."

गावाला तेवढेही पुरेसे होते. बायकांनी त्याला ओवाळले. पुरुषांनी त्याच दिवशी खांबांच्या जागा ठरवल्या आणि कोणता खांब कुठे हवा ह्यावरून थोडे भांडूनही घेतले. बिल्वक त्या भांडणात पुढे होता. त्याला इतके बोलताना पुष्कळ दिवसांत कोणी ऐकले नव्हते.

शैलक, बिल्वक आणि वसुपाल वर निघाले. हवा स्वच्छ होती. शिखराखालच्या उतारावर, सकाळच्या वेळी, त्यांना वरून उतरणारी एक टोळी भेटली. तिचा वाटाड्या शैलकाचा चुलता होता. दोर धरायला त्यानेच शैलकाला शिकवले होते.

"वर खडकाखाली एक झाकलेला आहे," चुलता म्हणाला. "डावीकडून जा. हवा आजचा दिवस टिकेल. उद्याचं काही खरं नाही."

थोडे चढल्यावर तो खडक आला. त्याच्या सावलीत एक माणूस आडवा पडला होता. त्याच्या तोंडावर निळ्या किनारीचे पांढरे सुती वस्त्र होते आणि टोकांवर दगड होते. पलीकडे बर्फाची उभी भिंत होती, आणि भिंतीच्या वर शिखर. ते इतके जवळ होते की आधी चढून गेलेल्यांनी रोवलेल्या काठ्या दिसत होत्या.

वसुपालाने हात जोडले. बिल्वकाने निरोपाचे शब्द पुटपुटले आणि तो डावीकडे वळला. शैलक मात्र जागचा हलला नाही.

"दाजी, चला."

"ह्याच्या तोंडापाशी बघ," शैलक म्हणाला.

वस्त्र थंडीने पापडासारखे कडक झाले होते. तोंडाच्या जागी मात्र ते ओलसर होते.

"ऊन लागलं असेल," बिल्वक न बघताच म्हणाला.

"ऊन अजून खडकाच्या ह्या बाजूला आलेलं नाही."

वसुपालाच्या सगळे लक्षात आले. तो हलक्या आवाजात म्हणाला, "शैलका, तू अजून वस्त्र उचललेलं नाहीस. उचललं नाहीस तर तुझ्यावर काही बंधन नाही. तुमचाच नियम आहे ना?"

"आहे, श्रेष्ठी."

"ती भिंत चढायला तुम्ही दोघंही हवेत, एक वर, एक खाली. ह्याला उतरवायलाही दोघं हवेत. म्हणजे आज वर जाणं नाही. उद्या ढग आले की ह्या साली नाही, आणि पुढच्या साली माझे गुडघे मला इथवर आणणार नाहीत. बरं, हा वाचेल ह्याची खात्री देतोस?"

"नाही."

"पूल झाला तर दर साली एक तरी जीव वाचेल, ह्याची?"

शैलकाने खाली दरीकडे पाहिले. मग म्हणाला, "ती देता येईल."

"मग मी काही अधर्माचं सांगतोय का?"

खरोखरच तो अधर्माचे सांगत नव्हता. लोभ असता तर तो ठोकरणे शैलकाला सोपे गेले असते. बिल्वक पुढे आला.

"दाजी, पूल असता तर अक्का आज घरी असती. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतो. चला वर."

शैलकाला रडू आले, आणि ते त्याने लपवले नाही. "बिल्वका, तिच्यासाठी मी काय देणार नाही?" तो म्हणाला. "पण पुलावरून जाणारी माणसं मला अजून दिसत नाहीत, आणि हा इथे माझ्या पायाशी श्वास घेतोय. ह्याला ओलांडून गेलो, तर त्या पुलावर मला पाऊल टाकता येणार नाही. तुम्हा दोघांवर बंधन नाही. वस्त्र उचलतोय तो मी."

त्याने दगड बाजूला केले आणि वस्त्र उचलले.

खाली एक तरुण चेहरा होता. पापण्यांवर बर्फ होता. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हते. शैलकाने अंगाशी धरून ऊबदार ठेवलेल्या चामडी पिशवीतले पाणी त्याच्या ओठांना लावले. बऱ्याच वेळाने त्या ओठांतून शब्द आले.

"पावलं ऐकू येत होती."

त्याचे नाव सोणक. तो खालच्या मैदानी मुलखातला विणकर होता. वाटाड्या घेण्याची ऐपत नव्हती म्हणून एकटाच चढून आला होता. आदल्या दिवशी बर्फावरच्या उन्हाने त्याचे डोळे गेले. डोळे जळू लागले म्हणून त्याने स्वतःच वस्त्र तोंडावर घेतले, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून टोकांवर दगड ठेवले. मेषपल्लीची रीत त्याला कुठून ठाऊक असणार? पुढे हात गारठले, दगड हलवता येईनात. मग आवाजही गेला. सकाळपासून जे कोणी त्या वाटेने गेले त्या प्रत्येकाला वाटले, ह्याच्या सोबत्यांनी ह्याला बघून, खात्री करून झाकला आहे. बघितले कोणीच नव्हते.

बिल्वकाने एक शिवी हासडली आणि सोणकाचे पाय उचलले. वसुपाल शिखराकडे बघत उभा राहिला. मग त्याने अंगावरची जाड लोकरीची शाल काढून सोणकावर घातली. ती त्याच्याकडे कोणी मागितली नव्हती. त्याबद्दल तो पुढे कधी एक शब्दही बोलला नाही, आणि शैलकाला त्याने कधी क्षमाही केली नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या.

उतरणे फार कष्टाचे झाले. सोणकाला घोंगडीत गुंडाळून कधी पाठीवर घेत, कधी दोराने खाली सोडत ते चालले होते. शैलकाच्या पाठीवर असताना सोणकाचे तोंड त्याच्या कानाशी येई, आणि अंगात धुगधुगी आली की तो बोले.

"कुणी थांबलं की वाटायचं, आता वस्त्र निघेल. मग काहीतरी पुटपुटणं ऐकू यायचं, आणि पावलं लांब जायची. काय म्हणतात हो ते?"

"नमस्कार करतात. निरोप देतात."

"म्हणजे मी देवच झालो होतो की," सोणक म्हणाला, आणि त्याला हसू आले. ते हसू खोकल्यात बुडाले.

"वर कशाला निघाला होतास, बाळा?"

"तिथून आमचं गाव दिसतं का, ते बघायचं होतं. तुम्ही गेलाय ना वर? दिसतं का हो?"

शैलक कोणाच्या समाधानासाठीसुद्धा खोटे बोलणारा नव्हता. त्याने आठवून सांगितले, "घरं नाही दिसत. वेगा दिसते. खाली मैदानात ती उन्हात चमकते, आणि मग एका मोठ्या वळणावर दिसेनाशी होते."

"त्या वळणावरच आमचं हंसग्राम," सोणक म्हणाला. "म्हणजे दिसतं."

"दिसतं," शैलक म्हणाला.

बर्फ संपून पहिले गवत लागते तिथे ते विसाव्याला थांबले. शैलकाने सोणकाचे डोके मांडीवर घेतले. ऊन होते. सोणकाने हात सरकवून गवत चाचपले आणि मुठीत धरले. थोड्या वेळाने ती मूठ सैल झाली.

"गेला?" वसुपालाने विचारले.

"गेला."

"म्हणजे सगळंच गेलं," वसुपाल म्हणाला, आणि तो एकटाच पुढे चालू लागला.

गावात काय झाले असेल ते सांगायला नको. मेलेल्या माणसासाठी शैलकाने जिवंतांचा पूल घालवला, असे लोक त्याच्या तोंडावर म्हणाले. बिल्वकाने त्याच्याशी बोलणे टाकले. दुसऱ्याच दिवशी ढग आले आणि वसुपाल नगराला निघून गेला. त्याच उन्हाळ्यात वेगेने एका तरण्या बाईला तिच्या तान्ह्या लेकरासह नेले. त्या बाईच्या नवऱ्याने शैलकाच्या दाराशी येऊन जमिनीवर डोके आपटले. शैलक त्याला धरून बसला. आपण केले ते बरोबर होते हे त्याला कळत होते, पण त्यामुळे त्या माणसाचे दुःख तसूभरही कमी होत नव्हते, हेही त्याला कळत होते.

दुसऱ्या दिवसापासून तो वेगेत उभा राहू लागला. दोराचे एक टोक काठावरच्या खडकाला बांधायचे, दुसरे कमरेला गुंडाळायचे, आणि छातीभर गार पाण्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात द्यायचा. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या ते त्याचाच हात धरून पार होत. एके दिवशी पाण्याचा लोट आला आणि खडकावरचा दोर सुटला, तरी शैलक वाहून गेला नाही. त्याने वळून पाहिले. काठावर बिल्वक दोर धरून, पाय रोवून उभा होता. शामा गेली त्या दिवशी तो जिथे उभा होता तीच ती जागा. त्यानंतर जोवर शैलकाच्या अंगात बळ होते तोवर दर साली बर्फ वितळला की ते दोघे असेच उभे राहत. पूल त्यांच्या हयातीत झाला नाही.

एकदा चुलता शैलकाच्या घरी आला आणि उंबऱ्याशीच बसून राहिला. "मी त्याला नमस्कार केला होता रे," तो म्हणाला. "हात जोडून, डोळे मिटून. अगदी जवळ उभा होतो." शैलक त्याच्या शेजारी बसला. पुढच्या ग्रामसभेत तो म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला की, आजपासून झाकलेला दिसला तर प्रत्येकाने वस्त्र उचलून बघायचे, आणि खाली आणायचे ते एकाच्या गळ्यात नाही, जमेल तेवढ्या सगळ्यांनी मिळून. आणि नाहीच आणता आले, तर निदान हाक मारायची, हात हातात घ्यायचा. काही लोक कुरकुरले. रीत मात्र बदलली.

त्याच सालचा पावसाळा सरल्यावर शैलकाने सोणकाचे वस्त्र धुऊन त्याची घडी केली आणि तो वेगेच्या काठाकाठाने मैदानात उतरला. हंसग्रामच्या वळणावर वेगा इतकी संथ होती की बायका गुडघाभर पाण्यात गप्पा मारत सूत धूत होत्या. हेच ते पाणी, असे शैलकाला खरे वाटेना. सोणकाची आई मागावर बसली होती. तिने घडीची निळी किनार बघितली आणि हातातला धोटा खाली ठेवला.

"ही किनार माझ्या हातची आहे," ती म्हणाली.

शैलकाने तिला सगळे सांगितले. शेवटी तिने एवढेच विचारले, "एकटा होता का रे तो?"

एका शब्दात तिचे समाधान करता आले असते. शैलक म्हणाला, "सकाळी एकटा होता, आई. नंतर नव्हता."

"आणि शेवटी?"

"शेवटी माझ्या मांडीवर होता. वरून तुमचं गाव दिसतं का, असं वाटेत त्यानं विचारलं होतं."

"दिसतं का?"

"दिसतं."

तिने मान हलवली आणि ते वस्त्र तोंडाशी धरून ती रडली. शैलकही रडला. शामासाठी तो असा कधी रडला नव्हता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्खूंच्या गुरूंनी, एका विहारात, एका सकाळी सांगितली. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपवून काही भिक्खू आदल्या दिवशी तिथे आले होते. वाटेत एका झाडाखाली एक वृद्ध भिक्खू डोक्यावरून चीवर ओढून बसले होते. ते ध्यानात आहेत असे समजून प्रत्येकाने त्यांना वंदन केले आणि आवाज न करता पुढची वाट धरली. एक भिक्खू पायाला काटा लागल्यामुळे लंगडत मागे राहिला होता. त्याने चीवर बाजूला केले, तर ते वृद्ध भिक्खू तापाने फणफणले होते. संध्याकाळी त्याच्याच मांडीवर त्यांनी प्राण सोडला. विहारात ह्यावरून बोलणे निघाले, तेव्हा उपसोम नावाचा विद्वान भिक्खू म्हणाला, "त्यांचं आयुष्य सरलंच होतं. आम्ही थांबलो असतो तरी काय फरक पडला असता?" ते शास्त्यांच्या कानावर गेले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा सोणक म्हणजे काल झाडाखाली बसलेले वृद्ध भिक्खू. बिल्वक म्हणजे मागे राहिलेला हा लंगडणारा भिक्खू. चुलता आणि त्याची टोळी म्हणजे वंदन करून पुढे गेलेले तुम्ही सगळे. श्रेष्ठी वसुपाल म्हणजे उपसोम. आणि शैलक नावाचा वाटाड्या मीच होतो. जो वाचेल त्याच्यासाठी पुष्कळ जण थांबतात. जो वाचणार नाही त्याच्यापाशीही थांबणं, ह्याला करुणा म्हणतात. त्या जन्मी मी ती शिकलो, आणि तिची किंमत एका बाईनं आणि तिच्या लेकरानं दिली, हेही मी विसरलेलो नाही."

मग उपसोम उठला. त्याने कोपऱ्यात ठेवलेले त्या वृद्ध भिक्खूंचे भिक्षापात्र उचलले.

"भगवन्, नदीपलीकडच्या गावात त्यांची बहीण राहते," तो म्हणाला. "हे मी तिला नेऊन देतो."

"जा."

दारापाशी तो थांबला. "मी त्यांच्यासमोरून निघून गेलो, हे तिनं विचारलं तर सांगायचं का?"

"विचारलं नाही तरी," शास्ते म्हणाले.